कुमानो कोदोवर वाट चुकत नाही, वेळ चुकते

जपानच्या किई द्वीपकल्पातल्या कुमानो कोदो या जुन्या तीर्थवाटेवर हरवायचं म्हटलं तरी सोपं नाही. ताकिजिरीपासून होंगूपर्यंत दर पाचशे मीटरला क्रमांकाचा खांब आहे. ताकिजिरीला १, होंगूला ७५. एखादी पायवाट भलतीकडे जात असेल तर तिच्या तोंडाशी 'ही कुमानो कोदो नाही' अशी इंग्रजी पाटीसुद्धा असते. सह्याद्रीतल्या ढोरवाटांमध्ये गोल गोल फिरलेल्या माणसाला हेवा वाटावा अशी ही सोय. तरीही इथे लोकांची फजिती होते, आणि बहुतेक वेळा ती घड्याळामुळे होते. सुरुवात उशिरा झालेली असते, बस निघून गेलेली असते, नाहीतर मुक्कामाचं गाव अजून दोन तासांवर असताना जंगलात अंधार पडलेला असतो.

कुमानोची होंगू, हायातामा आणि नाची ही तीन मोठी देवस्थानं. हजार वर्षांपूर्वी क्योतोहून निवृत्त सम्राट, दरबारी आणि मग सामान्य माणसं डोंगर ओलांडून इथे यायला लागली. गो-शिराकावा या सम्राटाने तर तीसहून जास्त वाऱ्या केल्या. २००४ मध्ये या वाटा आणि देवस्थानं जागतिक वारसा यादीत गेली. आता चुकांकडे वळू.

'कुमानो कोदो करायचाय' एवढंच ठरवून निघणं

कुमानो कोदो ही एक वाट नाही, वाटांचं जाळं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ताकिजिरीहून होंगूला आणि पुढे नाचीला जाणारी नाकाहेचीच धरावी. गावं, बस, मुक्कामाच्या जागा, पाट्या हे सगळं तिथे आहे. कोहेची कोयासानहून होंगूला येते. ती साधारण सत्तर किलोमीटरची आहे, हजार मीटरहून उंच तीन खिंडी ओलांडते आणि हिवाळ्यात तिच्यावर बर्फ असतं. फोटो बघून तिच्या प्रेमात पडणारे बरेच, पण मधे पाय दुखावला तर सोडून जायला बस फारशी मिळत नाही. इसेजी इसेहून दक्षिणेला उतरते, लांब आहे आणि तुकड्यातुकड्यांनी करण्यासारखी आहे. ओमिने ओकुगाके ही यामाबुशी तपस्व्यांची वाट. तिच्यावरच्या सानजोगाताके शिखरावर बायकांना आजही मनाई आहे, त्यामुळे मिश्र गटाने तिकडचा बेत आखताना हे आधी माहीत असलेलं बरं. बाकी कुमानोची ख्याती नेमकी उलटी, बाईमाणसाला कधी न अडवणारं देवस्थान अशी. होंगूच्या अलीकडे फुशिओगामी-ओजी लागतं (ओजी म्हणजे वाटेवरचं छोटं देवस्थान). तिथे कवयित्री इझुमी शिकिबूला पाळी आली आणि ती थांबली, तर 'तशीच ये' असं देवाने तिला कळवलं, अशी कथा सांगतात.

पहिल्या दिवशी दुपारी चालायला लागणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ओसाकाहून कुरोशिओ एक्स्प्रेसने किई-तानाबेला यायला दोन तासांच्या आसपास लागतात, पुढे ताकिजिरीपर्यंत बसने अंदाजे चाळीस मिनिटं. कागदावर सकाळी ओसाका, दुपारी ताकिजिरी, संध्याकाळी चिकात्सुयू असं छान जुळतं. प्रत्यक्षात ताकिजिरीतून पाऊल टाकल्याबरोबर चढण सुरू होते, मुळांची आणि दगडांची. ताकाहारा जेमतेम चार किलोमीटरवर आहे, पण तिथे पोचायला दोन तास सहज जातात. चिकात्सुयू त्याच्याही पुढे नऊ-दहा किलोमीटर. नोव्हेंबरच्या मध्यावर पाचच्या आत सूर्य मावळतो, आणि सुगी-हिनोकी या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानात त्याच्या बऱ्याच आधी दिसेनासं होतं.

दुपारी पोचणार असाल तर ताकाहाराला मुक्काम करा. तिथे जागा मिळाली नाही तर तानाबेत झोपा आणि सकाळची पहिली बस पकडा. बसचं वेळापत्रक निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा, कारण ऋतूप्रमाणे आणि वारानुसार ते बदलतं.

याच चढणीवर ताइनाइ-कुगुरी नावाची खडकातली अरुंद भेग आहे, तिच्यातून सरपटत बाहेर पडायची प्रथा आहे. मोठी सॅक पाठीवर ठेवून घुसलात तर अडकाल. ती काढून बाहेर ठेवा आणि मग आत शिरा.

किलोमीटर मोजून दिवस ठरवणं

चिकात्सुयू ते होंगू पंचवीस किलोमीटर. दिवसभराची चाल आहे, पण पहाटे निघालं तर जमते. वेळ कमी असेल तर थोडं अंतर बसने जाऊन होश्शिनमोन-ओजीपासून चाला. तिथून होंगू सात किलोमीटर, बहुतेक उतार, मधे वाड्या आणि चहाचे मळे. वयस्कर आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी हाच टप्पा करावा. ज्यांना 'पूर्ण' केल्याचं समाधान हवं असतं ते याला नाक मुरडतात. मला त्यात काही कमी वाटत नाही.

खरी परीक्षा होंगूच्या पुढे. उकेगावा ते कोगुची हा कोगुमोतोरी-गोए तेरा किलोमीटरचा, आणि कोगुची ते नाची हा ओगुमोतोरी-गोए साडेचौदा. आकडे जवळजवळ सारखे, म्हणून लोक दोन्ही दिवस सारखेच धरतात. पण कोगुचीहून पहिल्या पाचेक किलोमीटरमध्येच सुमारे आठशे मीटर चढून ८७० मीटरवरच्या एचिझेन खिंडीत जायचं असतं, तेही शेवाळ धरलेल्या दगडी पायऱ्यांवरून. त्यानंतर पुन्हा उतार, पुन्हा चढ, आणि शेवटी नाचीकडे गुडघ्यांची वाट लावणाऱ्या पायऱ्या. चांगल्या चालणाऱ्यालाही सात तास लागतात, पावसात नऊ. 'हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय' हा आत्मविश्वास इथे उपयोगी पडतो तो दमसासापुरता. तिथला कोरडा, खरबरीत कातळ वेगळा आणि इथला बुळबुळीत दगड वेगळा. तळ झिजलेले बूट घरी ठेवा, दोन काठ्या घ्या. १२०१ मध्ये फुजिवारा नो तेइका हा कवी निवृत्त सम्राट गो-तोबाच्या लवाजम्यात मुसळधार पावसात इथून गेला. तो पालखीत होता, तरी त्याने रोजनिशीत त्या दिवसाचं रडगाणं लिहून ठेवलंय.

कोगुचीहून सकाळी सातपर्यंत निघालंच पाहिजे. नाचीपर्यंत दुकान नाही, त्यामुळे पाणी आणि दुपारचा डबा आदल्या रात्रीच मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा. एवढ्या घाईतही चढणीच्या सुरुवातीला वारोदा-इशी नावाच्या शिळेपाशी थांबा. तिच्यावर सिद्धम् लिपीत तीन बीजाक्षरं कोरलेली आहेत, कुमानोच्या तीन देवांच्या बौद्ध रूपांची: अमिदा, याकुशी आणि सहस्रभुज कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. संस्कृत मंत्राचं अक्षर जपानी डोंगरात शेवाळाखाली सापडतं, आणि आपल्याकडचे बरेच जण त्याच्या शेजारून मान खाली घालून पुढे निघून जातात.

'राहायचं काय, गेल्यावर बघू'

आपल्याकडे देवळाच्या ओसरीत पथारी पसरता येते, गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. इथे तसं चालत नाही. चिकात्सुयू, ताकाहारा, कोगुची या गावांत मुक्कामाच्या जागा मोजक्याच आहेत. मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या महिनोन्‌महिने आधी भरतात, एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकमध्ये, म्हणजे सलग सुट्ट्यांच्या आठवड्यात, तर विचारूच नका. वाटेवर कुठेही तंबू ठोकायचा नसतो. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी कोगुची आणि चिकात्सुयूची खोली, मग विमानाचं तिकीट. तानाबे शहराच्या कुमानो पर्यटन मंडळाच्या संकेतस्थळावर खोल्या, डबे आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवायची सेवा हे सगळं इंग्रजीतून एकत्र ठरवता येतं. एखाद्या गावात जागाच नसेल तर दुसऱ्या गावात राहून बसने ये-जा करता येते, फक्त बसच्या वेळा आधी जुळवून बघा.

मिनशुकूत, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागेत, रात्रीचं जेवण सहाच्या सुमारास असतं. 'आम्ही आठला जेवू' ही सोय नाही. उशीर होणार असेल तर फोन करा. तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर घरमालकीण जेवणाची नाही, तुमची काळजी करत बसते, आणि कधी कधी शोधाशोधही सुरू होते.

शाकाहाराचं ताटावर बसल्यावर सांगणं

शाकाहारी मंडळींची इथे सगळ्यात जास्त आबाळ होते, आणि ती टाळता येते. अडचण दिसणाऱ्या माशाची नाही, दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्शाची आहे. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, अंड्याचा रोलसुद्धा, या सगळ्यात सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. 'भाजीच आहे' असं यजमानाने मनापासून सांगितलं तरी दाशी असू शकते, त्याच्या लेखी तो मासा नव्हेच. बुकिंग करतानाच लेखी कळवा: मांस नाही, मासे नाहीत, दाशीही नाही, अंडं-दूध चालतं की नाही तेही. काही जागा स्पष्ट नकार देतात. तो नकार प्रामाणिक समजून दुसरी जागा बघा. आयत्या वेळी सांगितलंत तर पुढ्यात भात आणि लोणचं येईल, आणि पहाटेपासून खपलेल्या माणसाचं मन दुखावेल ते वेगळं.

ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, घेताना उमेबोशी (खारवलेलं उमे फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) असलेली शोधा. हा भागच उमे फळांसाठी प्रसिद्ध आहे. खारवलेल्या पानात गुंडाळलेला भात म्हणजे मेहारी-झुशी, ती इथली खास शिदोरी, पण भातात काय कालवलंय ते विचारून घ्या. मेतकूट, चटण्या, खाकरे बरोबर न्यायला हरकत नाही. साध्या पांढऱ्या भाताला जपानात तोटा नसतो, आणि मेतकुटाने चार दिवस निभतात. मांसाचे पदार्थ जपानात नेता येत नाहीत, फळं आणि ताज्या भाज्यांवरही कडक नियम आहेत. युनोमिने ओन्सेन या गरम झऱ्यांच्या गावात मुक्काम असेल तर गावातल्या उकळत्या झऱ्याच्या हौदात रताळी, भाज्या, अंडी जाळीच्या पिशवीत सोडून शिजवता येतात. शाकाहाऱ्याला या वाटेवर याहून बिनधोक जेवण मिळणार नाही.

पावसाला कमी लेखणं

कोकणातल्या माणसाला पावसाचं काय, असं वाटतं. किई द्वीपकल्प जपानातल्या सर्वांत ओल्या भागांपैकी आहे. इसेजीवरच्या ओवासेत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी हंगाम, ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांची भीती. १८८९ च्या पुरात होंगूचं मूळ देऊळ वाहून गेलं. ते नदीच्या वाळवंटात, ओयुनोहाराला होतं. उरलेल्या इमारती मग वर टेकडीवर हलवल्या, आणि जुन्या जागी आज ३३.९ मीटर उंच तोरी, म्हणजे शिंतो देवस्थानाची कमान, उभी आहे. २०११ च्या वादळानंतर दरडींमुळे इवागामी खिंडीजवळ वळणवाट आखावी लागली. तेव्हा जुना नकाशा एक सांगत असेल आणि पाटी दुसरं, तर पाटीचं ऐका. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी चालू नका. बसही बंद होऊ शकते, म्हणून शेवटच्या दिवसाला लगेच विमान जोडू नका.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात मोठ्या गांधीलमाश्या असतात. काळे कपडे आणि अत्तर टाळा, घोंघावत आली तर हात न झटकता मागे सरा.

देऊळ दिसलं की टाळ्या वाजवणं

शिंतो देवस्थानात दोनदा लवायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा लवायचं. बौद्ध मंदिरात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. नाचीला घोळ होतो कारण नाची ताइशा हे शिंतो देवस्थान आणि सेइगान्तोजी हे बौद्ध मंदिर अगदी भिंतीला भिंत लावून आहेत. १८६८ नंतर सरकारने देव आणि बुद्ध वेगळे केले, त्याआधी इथे कुणाला तो फरक पडत नव्हता. १३३ मीटरच्या धबधब्यासमोर तिमजली पॅगोडाचा फोटो काढून लोक निघतात, पण सेइगान्तोजीची स्थापना भारतातून वाहत आलेल्या एका साधूने केली, अशी तिथली परंपरा आहे. खाली समुद्राजवळच्या फुदाराकुसान-जी या बौद्ध मंदिरातून भिक्षू बंद होडीत बसून दक्षिणेकडे निघायचे, अवलोकितेश्वराच्या पोतलक पर्वताचा शोध घेत. तो पर्वत बौद्ध ग्रंथांप्रमाणे भारताच्या दक्षिणेला. नाचीसाठी अर्धा दिवस वाढवा.

किरकोळ, पण रोजच्या

बसमध्ये मागच्या दाराने चढून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे सुट्टे पैसे टाकायचे. गावातल्या जागा बऱ्याचदा रोखच घेतात, तेव्हा येन तानाबेतच काढून ठेवा. कचराकुंड्या नाहीत. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सामाईक कुंडात, पूर्ण अंग धुऊनच, कपड्यांशिवाय उतरायचं. हे जमणार नसेल तर युनोमिनेतलं त्सुबोयू बघा: ओढ्यावरची छोटी खोपटी, एका गटाला तीस मिनिटं, आत फक्त तुमचीच माणसं.

तरीही अडकलात तर

आधी शेवटच्या खांबाचा आकडा लक्षात घ्या, फोनवर तुमची जागा सांगायला तो सगळ्यात उपयोगी. जंगलात सिग्नल अधूनमधून जातो, म्हणून उंचवट्यावर किंवा गावाजवळ आल्यावर लावा. चिकात्सुयू ते होंगू या टप्प्यात डांबरी रस्ता काही ठिकाणी जवळ येतो. अर्ध्यात दमलात तर तिथे उतरून बसची चौकशी करा. ओगुमोतोरीवर मात्र तशी सुटका जवळजवळ नाही. दुपारी बारापर्यंत खिंड गाठली नसेल तर कोगुचीला परत फिरा. शेवटची बस गेली तर टॅक्सी बाहेरून मागवावी लागते. आधी मुक्कामाच्या जागी फोन करा, बरेच यजमान स्वतः गाडी घेऊन येतात. कुणी जखमी असेल तर ११९ ला फोन करा, तो रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचा क्रमांक आहे, पोलिसांचा ११०. डोक्याला लावायची बॅटरी सॅकच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा.