वसतिगृहातील वायफाय: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

पुण्यातील एका वसतिगृहात मी चार वर्षे राहिलो. पहिली दोन वर्षे ॲक्सेस पॉइंट (वायफायची लहर सोडणारी यंत्रे) फक्त व्हरांड्यात होते. तिसऱ्या वर्षी ते काढून दर दोन खोल्यांमागे एक बसवण्यात आला. दोन्ही व्यवस्था वापरलेल्या असल्यामुळे हे लिहीत आहे.

वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते, पण त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल (लहरींच्या मार्गिका) तीनच आहेत: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे, मात्र विटांची जाड भिंत ओलांडतानाच ती लहर क्षीण होते. म्हणून व्हरांड्यात महागडे यंत्र टांगण्यापेक्षा खोल्यांजवळ लहान यंत्रे लावणे अधिक उपयोगी ठरते, आणि त्यासाठी प्रत्येक यंत्रापर्यंत केबल ओढावी लागते. आमच्याकडे हे काम सुट्टीत निघाले तेव्हा अनेकांनी खोल्यांना कुलपे लावून गाव गाठले होते, आणि त्यांच्या बाजूचे काम महिनाभर रखडले. आपल्या वसतिगृहात असे काम निघाल्यास किल्ली कार्यालयात अवश्य ठेवून जावे.

स्वतःचा राउटर आणण्याचा मोह मात्र टाळावा. पहिल्या सत्रात मी तो आणला आणि भिंतीतील केबल इंटरनेटच्या पोर्टऐवजी चुकून त्याच्या लॅन पोर्टला (संगणक जोडण्याच्या खाचेला) जोडली. परिणामी माझा राउटरच मजल्यावरच्या फोनांना १९२.१६८ने सुरू होणारे, तिथे न चालणारे नेटवर्क-पत्ते वाटू लागला. सगळ्यांच्या फोनवर ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ असे दिसत होते, आणि शेजारच्या खोलीतील मुलाचा त्या रात्री ऑनलाइन अर्ज भरायचा राहिला. त्याचे मला आजही वाईट वाटते. पोर्ट बरोबर निवडला, तरी असा राउटर आधीच दाटलेल्या चॅनेलमध्ये आणखी भर घालतो.

जोडणी करताना सर्वाधिक लक्ष सर्टिफिकेटकडे (समोरचे वायफाय खरेच संस्थेचे आहे, याच्या डिजिटल पुराव्याकडे) द्यावे. विद्यापीठात एड्युरोम (अनेक विद्यापीठांची सामाईक वायफाय सेवा) असल्यास युजरनेम ‘@’सह संस्थेच्या पूर्ण डोमेनसकट लिहावे लागते; नुसता नोंदणी क्रमांक टाकल्याने लॉगिन नाकारले जाते आणि विद्यार्थी पासवर्डलाच दोष देत बसतात. सीनियर मंडळी ‘सर्टिफिकेट तपासू नका’ हा पर्याय निवडायला सांगतात, कारण त्याने लगेच जोडणी होते. तसे करू नये. त्याच नावाचे बनावट वायफाय कोणी सुरू केले, तर आपला फोन खातरजमा न करताच त्याच्याशी बोलू लागतो आणि पासवर्ड धोक्यात येतो. संगणक केंद्राने दिलेले प्रोफाइल (जोडणीच्या तयार सेटिंग्ज) एकदाच नीट बसवावे. तेच खाते पुढे एड्युरोम असलेल्या दुसऱ्या विद्यापीठात, अगदी परदेशातही, चालते.

काही वसतिगृहांत उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळखक्रमांक) नोंदवावा लागतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बहुतेक फोन खरा पत्ता झाकून बदललेला पत्ता दाखवतात. म्हणून त्या नेटवर्कपुरता खरा पत्ता निवडून मगच नोंदणी करावी.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच लिहू नये. खोली क्रमांक, वेळ, २.४ की ५ गिगाहर्ट्झ, आणि शेजारच्या खोलीतही तीच अडचण आहे का, हे लिहावे. माझ्या अशाच एका तक्रारीवर तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी थेट आमच्या खोलीबाहेरच्या यंत्राशी आला. केबलच्या टोकातील एक तार सैल झाल्यामुळे १ गिगाबिटची जोडणी १०० मेगाबिटवर उतरली होती. त्याने ते टोक कापून नवे बसवले.