स्लाइड ओढू नका, पिस्तूल ढकला

नेमबाजी शिकायला येणाऱ्या बहुतेकांना धास्ती असते ती आवाजाची आणि धक्क्याची. गाडी अडते मात्र त्याच्या आधीच. हातात छोटं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल येतं, कोच म्हणतात ‘स्लाइड मागे घ्या’, आणि पिस्तुलाचा तो वरचा सरकणारा भाग जेमतेम बोटभर सरकून थांबतो. मग चेहरा लाल होतो, पिस्तूल पोटाकडे येतं, नळी शेजारच्या लेनकडे वळते, आणि मागून कोणीतरी ओरडतं. रेंजवर नवख्यांसोबत उभं राहण्याचं काम मी करतो. त्यामुळे हे दृश्य मला नवं नाही. ‘माझ्या हातात जोरच नाही’ असा निष्कर्ष काढून लोक नाउमेद होतात, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पिस्तूल छोटं म्हणजे स्लाइड हलकी, हा समज उलटा आहे. मोठ्या पिस्तुलाची स्लाइड वजनदार असते आणि तिला मागे जायला जागाही जास्त मिळते. छोट्यात वजन कमी, जागा कमी, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक लावावी लागते. त्यातही .३८० एसीपी या काडतुसाची जुन्या धाटणीची पिस्तुलं, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीके, ही साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून राहत नाहीत. गोळी सुटताना स्लाइडला रोखायला तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं. म्हणून हे खिशात मावणारं पिस्तूल हाताळायला कित्येकदा मोठ्या ९ मिमी पिस्तुलापेक्षा जड जातं. दोष तुमच्या मनगटाचा नसून रचनेचा आहे.

आता हाताचं. नवखा माणूस पिस्तूल धरलेला हात ताठ पुढे ठेवतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीत स्लाइड पकडून ओढतो. सगळा भार दोन बोटांवर येतो. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ घ्या, कोपर वाकलेले, नळी लक्ष्याकडेच. दुसऱ्या हाताचा तळवा वरून स्लाइडच्या मागच्या भागावर ठेवा, चारही बोटं एका बाजूच्या खाचांवर आणि तळव्याचा अंगठ्याखालचा मांसल भाग दुसऱ्या बाजूला. रिकामी पुंगळी जिथून बाहेर पडते ती खिडकी झाकू नका. मग वरचा हात घट्ट जागेवर ठेवून मूठ धरलेल्या हाताने पिस्तूल पुढे ढकला, जड दार ढकलतो तसं, खांद्यातून. स्लाइड जागच्या जागी राहते, पिस्तूल तिच्याखालून पुढे जातं. ज्यांना वाटत होतं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांचं काम इथेच होतं. बोट चापापासून लांब, फ्रेमवर सरळ. हे मी दर वेळी सांगतो, कारण जोर लावताना माणूस नेमकं तेच विसरतो.

स्लाइड पूर्ण मागे आली की वरचा हात सोडून द्या. पुष्कळजण तिला हळुवारपणे पुढे पोचवतात, आवाज होऊ नये म्हणून. असं केलं की स्प्रिंगचा जोर वाया जातो, काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, नीट बसत नाही आणि स्लाइड किंचित उघडी राहते. तिला धडाक्याने मिटूच द्यायचं असतं.

जोर लावण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा. काही पिस्तुलांत, ‘१९११’ नावाचं पिस्तूल त्यातलं प्रसिद्ध, सेफ्टी लावलेली असताना स्लाइड हलतच नाही. बाहेर हॅमर, म्हणजे घोडा, असलेल्या पिस्तुलात हॅमर खाली असेल तर स्लाइडला आपल्या स्प्रिंगबरोबर हॅमरचीही स्प्रिंग दाबावी लागते. पिस्तूल रिकामं असताना हॅमर आधी अंगठ्याने मागे घेतला, तर फरक लगेच जाणवतो. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काठोकाठ भरलेलं असेल तर वरचं काडतूस स्लाइडला खालून रेटतं, तेही थोडं जड जातं. आणि घामट किंवा तेलकट हात. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण रुमालाने हात पुसल्यावर सुटलेले तंटे मी पाहिलेत.

सर्वात जपायची जागा पिस्तूल रिकामं करताना येते. क्रम ठरलेला आहे: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड. उलट केलंत तर चेंबरमधलं काडतूस पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं तिथे जाऊन बसतं. आणि स्लाइड अर्धवटच मागे गेली, तर चेंबरमधलं काडतूस त्याला बाहेर फेकणाऱ्या एजेक्टरपर्यंत पोचत नाही, बाहेर न पडता पुन्हा आत जातं. माणूस मात्र ‘स्लाइड मागे घेतली म्हणजे झालं’ असं धरून चालतो. म्हणून ती मागे अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, उजेड कमी असेल तर बोटाने चाचपा. पीपीकेसारख्या पिस्तुलाला बाहेर स्लाइड अडकवण्याचा खटका नसतो. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड पूर्ण ओढली की ती मागे थांबते. मात्र ते मॅगझिन काढून घेतल्यावरही चेंबर पुन्हा बघायचंच.

सराव घरी करायचा तर डमी काडतुसं वापरा, खरी त्या खोलीतही नकोत. स्प्रिंग सैल व्हावी म्हणून ती कापून टाकणं किंवा हलकी बसवणं हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. ती स्लाइडचा वेग आवरण्यासाठी असते.

संधिवात असेल, हाताचं ऑपरेशन झालं असेल, तर कितीही तंत्र शिकून अडचण राहू शकते. अशांनी पिस्तूलच वेगळं बघावं. स्मिथ अँड वेसनने २०१८मध्ये .३८०चं शील्ड ईझी याच गिऱ्हाइकासाठी काढलं. बेरेटाच्या टॉमकॅट आणि बॉबकॅटमध्ये नळीच मागून वर उचलली जाते, काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवता येतं, स्लाइड ओढण्याचा प्रश्न येत नाही. रिव्हॉल्व्हरला तर स्लाइडच नसते. पण त्याचा डबल-ॲक्शन चाप, म्हणजे एकाच दाबात हॅमर मागे नेऊन सोडणारा, बराच जड असतो, त्यामुळे बोट कमजोर असेल तर तोही आधी दाबून पाहा. दुकानात विकत घेण्याआधी रिकामं पिस्तूल हातात मागा, परवानगी विचारा, आणि स्लाइड स्वतः मागे घेऊन अडकवून बघा. विक्रेत्याने करून दाखवलेलं धरू नका. त्याचा हात दिवसभर तेच करत असतो.