मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम गावासाठी खुला करताना

तालुक्याच्या गावातील लहान महाविद्यालयाने मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम ग्रामस्थांसाठी खुला ठेवायचे ठरवले, की सर्वप्रथम तारखेचा विचार करावा. कुसुमाग्रजांची जयंती 27 फेब्रुवारीला येते आणि त्याच सुमारास बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल, तर आपलीच इमारत परीक्षा केंद्र असण्याचा संभव असतो. अशा वेळी 27 तारखेचा आग्रह सोडून लगतचा रविवार घ्यावा, मात्र त्या दिवशी गावचा आठवडी बाजार नाही याची खात्री करावी. आसपासच्या वाड्यावस्त्यांकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते हे आधीच विचारून, कार्यक्रम तिच्या निदान अर्धा तास आधी संपेल असा आखावा.

परवानग्यांचे काम महिनाभर आधी हाती घ्यावे. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. आपले आवार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाले आहे का, हेही तेथेच विचारावे. रात्री 10 नंतर उघड्या मैदानात ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. एकांकिका बसवली असेल, तर लेखकाची लेखी संमती घ्यावी आणि प्रयोग सार्वजनिक असल्याने संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या राज्य शासनाच्या मंडळाकडे, वेळेत पाठवावी.

गावातील ज्येष्ठ स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या हा माझ्या मते अशा कार्यक्रमाचा गाभा असावा, आणि त्याची तयारी सर्वांत नाजूक आहे. निमंत्रणपत्रिका पाठवून भागत नाही. प्राध्यापिका आणि दोन विद्यार्थिनींनी घरी जाऊन, त्यांच्या सवडीने बसून, कोणत्या ओव्या म्हणायच्या हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि त्यांच्या बोलीला प्रमाण भाषेचे वळण लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मंचावर जाते ठेवणार असाल तर सोबत ज्वारीही ठेवावी, कारण रिकामे जाते फिरवले की दगडावर दगड घासतो आणि त्याचा आवाज ओवीला साथ देत नाही. या स्त्रिया खाली बसून म्हणणार, म्हणून माइकचा ठेंगणा स्टँड आदल्या दिवशीच मागवावा. बाहेरून येणाऱ्या कवीला जे मानधन आणि प्रवासखर्च दिला जाईल, तेवढाच या स्त्रियांनाही द्यावा; केवळ शाल-श्रीफळावर त्यांची बोळवण करू नये.

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सर्व सत्कार मिळून पंधरा मिनिटांत उरकावेत आणि निवेदकाला तशी स्पष्ट सूचना द्यावी.

सभागृहात विद्यार्थ्यांसाठी सतरंज्या आणि वयस्कांसाठी पुढच्या रांगांत खुर्च्या असाव्यात. स्त्रियांचे स्वच्छतागृह उघडे, उजेडाचे आणि पाण्याची सोय असलेले आहे का, हे प्राचार्यांनी स्वतः पाहावे, कारण महाविद्यालयात प्रथमच आलेली बाई कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरणार नाही. प्रवेशद्वारापासून सभागृहापर्यंत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक उभे करावेत. वीज गेल्यास लागणारा जनरेटर डिझेल भरून एकदा चालवून पाहावा.

ओव्यांचे ध्वनिमुद्रण करायचे असल्यास गाणाऱ्या स्त्रियांची संमती आधी घ्यावी, ग्रंथालयातील प्रतीवर प्रत्येकीचे नाव आणि गाव नोंदवावे, आणि एक प्रत तिच्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी एका विद्यार्थिनीकडे नावानिशी सोपवावी.