आवारात पाणी साचतं? बॉर्डर अन् आर्टिफिशियल टर्फ असं लावा

नागपूरची काळी माती पावसात फुगते अन् पाणी खाली जाऊच देत नाही, म्हणून नुसतं टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, अंथरलं तर खाली चिखल तसाच राहणार, खरं काम खालच्या थराचंच आहे.

आधी एक जोरदार पाऊस पडू द्या अन् पाणी कुठून येतं, कुठं थांबतं ते नीट बघून घ्या. मग उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, सहा इंच माती काढा, घरापासून बाहेर उतार द्या, दर दहा फुटाला दोन इंच तरी, अन् हे लेव्हल पाईपनीच (पाणी भरलेली पारदर्शक नळी) मोजा, अंदाजानं नको. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), मग गिट्टी, वरून दगडाची चुरी, पाणी मारून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचं. कापड वाचवू नका हो, नाहीतर काळी माती गिट्टीत घुसते अन् दोन पावसाळ्यात सगळं जाम.

बॉर्डर, म्हणजे कडेचा वाफा, विटांची घ्या, सहा-आठ इंच उंच, झाडं त्यातच लावा, पण उताराच्या बाजूला खाली पाईपचे तुकडे टाकून भोकं ठेवाच, नाहीतर आवाराचं पाण्याचं टाकंच होईल. जमलं तर ते पाणी शोषखड्ड्यात सोडा, शेजाऱ्याकडे नको.

टर्फ मागून भोकं असलेलंच घ्या. अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत ते पायाला चटके देतं, लहान मुलं असतील तर थोडी सावली, ग्रीन नेट बांधाच.