हायफन आणि संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस: शेजाऱ्याचा पुजारी होऊ नये म्हणून

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका किंवा ग्रामसभेची सूचना संगणकावर तयार करताना लाल रेघांवर विसंबून हायफन दुरुस्त करू नयेत, कारण त्या बाबतीत यंत्राचे अज्ञान मोठे विनोदी असते. बरेचसे तपासनीस हायफन दिसताच शब्द तिथे तोडतात आणि दोन्ही तुकडे आपल्या शब्दसंग्रहात स्वतंत्रपणे शोधतात. तुकडे सापडले की शुद्ध, न सापडले की अशुद्ध, एवढाच त्यांचा न्याय. त्यामुळे चुकीचा हायफन बिनबोभाट सुटतो आणि बरोबर हायफनाला शिक्षा होते.

पहिली तपासणी ओळीच्या शेवटी पडलेल्या हायफनांची करावी. पीडीएफमधून उतरवून घेतलेल्या मजकुरात शब्द तोडण्यापुरते दिलेले हायफन शब्दाच्या मध्ये तसेच बसून राहतात. सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे ‘कोरे-गाव’, सांगली जिल्ह्यातील तासगावचे ‘तास-गाव’ किंवा खानापूरचे ‘खाना-पूर’ झाले, तरी सगळे तुकडे अर्थपूर्ण शब्द असल्याने रेघ उमटत नाही. त्यात कोणी हायफन काढून मोकळी जागा सोडली, तर दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खानापूर तालुक्यात चक्क जेवणाचा पूर येतो. यावर उपाय म्हणजे वर्डमध्ये शोधा-बदला खिडकी उघडून हायफन आणि त्यापुढे ‘पॅराग्राफ मार्क’ अशी जोडी शोधावी व प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून शब्द जोडावा. ‘रिप्लेस ऑल’ मात्र कटाक्षाने टाळावे. १९९८ साली स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिकेचे नाव दोन ओळींत विभागले असेल, तर सगळे हायफन एका फटक्यात पुसणारी आज्ञा त्यातली दोन शहरे एकमेकांना चिकटवून टाकते. असे नाव एकाच ओळीत राहावे म्हणून टाइप करतानाच कंट्रोल व शिफ्ट दाबून हायफन द्यावा, म्हणजे ते तिथे तुटत नाही.

खरी करमणूक जोडशब्दांत आहे. ‘शेजारी-पाजारी’ लिहिले की ‘पाजारी’खाली रेघ येते, कारण हा शब्द एकटा कधी वापरला जातच नाही, मग एका अक्षराच्या फरकाने जवळ असलेला ‘पुजारी’ सुचवला जातो आणि हळदीकुंकवाच्या निमंत्रणात शेजाऱ्यांबरोबर पुजारीही येतात. ‘चहा-बिहा’मधल्या ‘बिहा’ला शेपूट जोडून त्याचा ‘बिहार’ करण्याचा मोह यंत्राला होऊ शकतो, आणि घाईत मान्यता देणारा माणूस चहाबरोबर एक अख्खे राज्य पाहुण्यांपुढे ठेवतो. उलट ‘भांडी-कुंडी’ निर्वेध पार पडते, कारण कुंडी म्हणजे झाडाची कुंडी, हे यंत्राला ठाऊक असते! अशा ठिकाणी सूचना सरसकट स्वीकारू नये. ‘पाजारी’सारखा नेहमी लागणारा उत्तरार्ध आपल्या शब्दसंग्रहात घालावा, आणि ‘बिहा’सारख्या फुटकळ शब्दाकडे त्या त्या वेळी दुर्लक्ष करण्याची आज्ञा द्यावी.

‘आईवडील’ की ‘आई-वडील’, या वादात यंत्राला पंच नेमण्यातही अर्थ नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या चौदा आणि १९७२ साली भर पडलेल्या चार नियमांचा मुख्य भर अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ यांवर आहे, त्यामुळे अशा जोड्यांत दोन्ही रूपे छापील मराठीत सर्रास आढळतात. माझे मत असे, की रुळलेली छोटी जोडी जोडून लिहावी आणि लांब किंवा नवी जोडी हायफनाने बांधावी. पण एकदा ठरवलेले रूप अहवालाच्या शेवटच्या पानापर्यंत पाळावे.

इंग्रजी पत्रांत धोका वेगळा आहे. करारावर पुन्हा सही करण्याची विनंती ‘री-साइन’ अशी हायफनासह लिहावी लागते. तो हायफन फालतू समजून कोणी काढला, तर व्यवस्थापकाच्या टेबलावर राजीनामा जाऊन पडतो.

आकड्यांत तर यंत्र विचारण्याचेही कष्ट घेत नाही. द्राक्षांचा हिशेब मांडताना एक्सेलच्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत १०-१२ पेट्या लिहायला गेल्यास, संगणकाच्या मांडणीनुसार तिथे १० डिसेंबर किंवा १२ ऑक्टोबर ही तारीख उमटते. नंतर चौकटीचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ केला, तर पेट्यांच्या जागी चाळीस हजारांच्या वरचा एक पाच आकडी क्रमांक दिसतो, कारण एक्सेल प्रत्येक तारीख दिवसांच्या मोजणीने साठवते. म्हणून आकडे भरण्यापूर्वीच सगळा रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. हे चिन्ह छापील कागदावर येत नाही.