नव्या तलावाचा पीएच आधी सांभाळा
नवा पोहण्याचा तलाव भरला की पहिला महिनाभर पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, सारखा वर चढतो. ओल्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत असतो, त्यामुळे पाण्यात दोष शोधत बसू नका. रोज टेस्ट किटने तपासा आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. वाढला तर थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून तलावात सोडा. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि क्लोरीनजवळ तर ते ठेवूसुद्धा नका. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणून भरण्याआधीच कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचं प्रमाण, मोजून घ्या. प्लास्टरचा तलाव असेल तर पहिले दोन आठवडे भिंती नायलॉनच्या ब्रशने रोज घासा, नाहीतर पांढरा थर कायमचा बसतो.