एक्स्चेंजला निघताना: परक्या घरात राहण्याची तयारी

एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून, म्हणजे तिथल्या एखाद्या कुटुंबात राहून शिकायला, परदेशी शाळेत जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी बॅग उघडली जाते. बॅगेचं काम शेवटच्या आठवड्यात उरकतं. खरी तयारी आहे ती कधीही न भेटलेल्या माणसांच्या घरात त्यांच्यातलंच एक होऊन राहण्याची, आणि ती अर्ज भरतानाच सुरू होते.

अर्जासोबत होस्ट फॅमिलीला, म्हणजे तुला घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला, पत्र लिहायचं असतं. बरीच कुटुंबं ते वाचूनच मुलाला घरी घ्यायचं की नाही हे ठरवतात, म्हणून त्यात आहेस तसाच दिस. कुत्र्याची भीती वाटते, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, मांसाहार करत नाहीस, रोज प्रार्थना करतोस, चारचौघांत लवकर बोलता येत नाही, हे सगळं लिही. छाप पाडण्यासाठी लपवलेली गोष्ट तिथे गेल्यावर रोज आड येते. कुटुंबाचं नाव कळलं की लगेच स्वतःहून मेसेज कर, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्याबद्दल आवर्जून विचार.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. अमेरिकेला जे-१ व्हिसावर, म्हणजे एक्स्चेंज कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर, जाणार असशील तर डीएस-२०१९ हा संस्थेकडून मिळणारा पात्रतेचा फॉर्म हातातल्या बॅगेतच ठेव, तिथे उतरल्यावर तो दाखवावा लागतो. सगळ्या कागदांच्या प्रती आईबाबांकडेही असू देत. हे वर्ष आपली शाळा आणि बोर्ड धरणार की परत आल्यावर तीच इयत्ता पुन्हा करावी लागणार, हे निघण्यापूर्वी लेखी घे. तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस.

लसीकरणाची नोंद पूर्ण नसेल तर अमेरिकेतल्या अनेक शाळा वर्गात बसू देत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांकडे दोन-तीन महिने आधी जा. नेहमीची औषधं मूळ पाकिटात ठेव, सोबत औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव, लिहिलेली चिठ्ठी घे. एका देशात सहज मिळणारं औषध दुसरीकडे बेकायदा असू शकतं. ॲम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधं जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रोटरी या स्वयंसेवी संस्थेच्या युवा एक्स्चेंजमध्ये 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' अशी एक यादी मुलांना दिली जाते. कुठल्याही संस्थेतर्फे जा, अशी यादी स्वतः करून ने आणि पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यांसोबत बसून विचार. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? घरातली कोणती कामं माझी? माझे कपडे मी धुवायचे का, मशीन कधी लावू? अंघोळीला किती वेळ चालेल, कोणाची घाई कधी असते? फ्रिजमधलं न विचारता घेतलं तर चालेल का? रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं? मित्राला घरी आणता येईल का? विचारायला अवघड वाटेल. पण या बारीक गोष्टी मनात साचल्या की त्याच महिन्याभराने भांडणाचं कारण होतात, कारण त्या घरचे नियम त्यांना इतके अंगवळणी पडलेले असतात की ते सांगायचं त्यांच्या लक्षातच येत नाही. तू पाहुणा नाहीस हेही ध्यानात ठेव. अमेरिकेतल्या जे-१ शालेय कार्यक्रमात कुटुंबाला तुला ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत. जेवण झाल्यावर कोणी सांगायच्या आधी उठून भांडी आवरायला लाग.

आणि काही बिनसलं तर? स्थानिक समन्वयकाचा, म्हणजे तुझी विचारपूस करायला संस्थेने तिथे नेमलेल्या माणसाचा, नंबर पाठ कर आणि कागदावरही लिहून ठेव. फोन हरवतो, बंद पडतो. अमेरिकेत जे-१ शालेय कार्यक्रमात समन्वयकाने दर महिन्याला विद्यार्थ्याशी संपर्क ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची वेगळी हेल्पलाइनही आहे. कोणाचं वागणं, स्पर्श किंवा बोलणं खटकलं तर खात्री होण्याची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी सांग. कुटुंब बदलून मागण्यात तुझा कमीपणा नाही. पालकांनी हे निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, नाहीतर मूल त्यांना काळजी नको म्हणून गप्प बसतं.

फोन कधी करायचा तेही आधीच ठरवा. सुरुवातीचे काही आठवडे आठवड्यातून एकदा पुरे. रोज संध्याकाळी घरच्यांशी बोलणारं मूल त्या वेळी होस्ट फॅमिलीच्या गप्पांत नसतं. घरची आठवण सगळ्यात जास्त बहुधा पहिली नवलाई ओसरल्यावर येते, सणावाराला तर हमखास. आईबाबांनी तेव्हा लगेच परतीचं तिकीट बघू नये, आधी समन्वयकाशी बोलावं.

आणि बॅग? तिथल्या हवामानाचे थोडे कपडे, कुटुंबासाठी छोटी भेट, घरच्यांचे छापील फोटो. फोटो दाखवता दाखवता भाषा अडली तरी बोलणं सुरू होतं. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत ठेव. येताना सामान वाढलेलं असतं, म्हणून बॅगेत जागा रिकामी राहू दे.